करंजभाटच्या मैदानाचा बाक

हसून घ्या, बाबांनो. करंजभाटच्या मैदानावर पहिल्यांदा पाय ठेवणारा प्रत्येक संघ हसतोच, तुम्ही काही जगावेगळे नाही. सगळीकडे धावपट्टी अंड्यासारखी गोल-लांबट असते, आणि आमच्या संत रोकच्या कॉलेजची बघा, पूर्वेच्या अंगाला कशी आत दबलीय! त्या दबलेल्या जागी पाणी चमकतंय ना, ते आमचं बावखल. पावसाचं पाणी साठवणारं जुनं खोल तळं. आमच्या या किनारपट्टीवर असली बावखलं पूर्वी वाडीवाडीला होती. या बाकामुळे इथे धावलेल्या पोरांची वेळ विद्यापीठ धरत नाही. कितीही जोरात पळा, नोंद शून्य.

आणि उद्या आमची मैलाची शर्यत पाहाल तेव्हा तर पोट धरून हसाल. शेवटच्या फेरीत जो सगळ्यांच्या पुढे असेल त्याने या बाकावर थांबायचं, पायऱ्या उतरून बावखलात जायचं, घमेलंभर गाळ उपसून काठावर टाकायचा आणि मग उरलेलं अंतर पळायचं. तोवर मागचे पुढे निघून गेलेले असतात. म्हणजे जो जिंकत आलेला असतो त्यालाच हरवायची आमची रीत. मागे एक पाहुणे सर म्हणाले, हा काय वेडेपणा! वेडेपणाच आहे, कोण नाही म्हणतंय? पण तो कुणाचा आणि कशापायी हे ऐका, आणि मग काय ते बोला. मधे मोबाइल काढलेला मला चालत नाही.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा कॉलेज कौलारू होतं, मैदानाला कुंपण नव्हतं आणि या बावखलावर पाणी उपसणारा लाकडी राहाट फिरायचा. बावखल चार घरांचं सामाईक. चारी घरांच्या पानवेली आणि केळीच्या बागा याच पाण्यावर पोसलेल्या. राहाट मात्र इनास रुमाव याच्या अंगणाकडच्या काठावर होता, म्हणून बावखलाच्या बाबतीत शेवटचा शब्द इनासचा, असा वाडीचा रिवाज. माणूस अबोल. चर्चमध्ये लिटनीच्या प्रार्थनेला शेवटच्या बाकावर बसणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याची बायको कोंतान, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा बावतीस.

बावतीस पळायचा. असा पळायचा की रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर लोक त्याला बघायला मैदानाच्या कडेला उभे राहायचे असं सांगतात. कॉलेजात खेळाचं सगळं वालेरियन फादर बघत. पोरांवर त्या माणसाचा जीव, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना शिव्या द्याल. बावतीसला धावायचे पहिले काट्याचे बूट त्यांनीच आणून दिले. स्पर्धेला निघण्यापूर्वी साऱ्या संघाने चॅपलमध्ये वेदीच्या पायरीवर बूट ठेवायचे आणि फादरांनी त्यांवर आशीर्वादाचं पाणी शिंपडायचं, हीसुद्धा त्यांनीच घातलेली प्रथा. ती तेवढी अजून चालू आहे.

बावतीसचं दुखणं एकच होतं. त्याने मैलाची शर्यत अशा वेळात मारली की फादरांनी घड्याळ कानाला लावून बघितलं, बंद तर पडलं नाही ना! पण विद्यापीठाचे लोक आले, त्यांनी पट्टी बघितली, पूर्वेचा बाक बघितला आणि मान हलवली. बाक असलेल्या पट्टीवरची वेळ धरत नाहीत, म्हणाले. पुढल्या वर्षी पुन्हा तेच. मुंबईच्या धावपटूंच्या शिबिरात निवड व्हायची तर वेळ नोंदलेली हवी, आणि वेळ नोंदली जायची तर पट्टी सरळ हवी. आणि पट्टी सरळ व्हायची तर बावखल बुजायला हवं.

फादर चारी घरांत गेले. म्हणाले, कॉलेज विहिरी खोल करून देईल, पाण्याला कमी पडणार नाही. लोकांना ते पटलं. आता तुम्ही म्हणाल, एवढे बागायतदार लोक, त्यांना कळू नये? अहो, नाही कळलं. बावखल कधी आटलंच नव्हतं, तर बावखलाशिवाय काय होतं हे कुणी पाहिलेलं असणार कसं? विहीर वेगळी आणि बावखल वेगळं, असंच सगळे धरून चालले. तीन घरं तयार झाली. इनास मात्र गप्प राहिला, आणि त्याचं गप्प राहणं म्हणजे नाही, हे वाडीला ठाऊक होतं.

बावतीस घरी आला आणि जेवायला बसेना. कोंतानने भात वाढला, निवला, काढून ठेवला. शेवटी इनास म्हणाला, "पाणी देऊन टाकलं तर वेलीला काय घालू? तुझी बक्षिसं?"

तेव्हा बावतीस जे बोलला ते बोलायला नको होतं. म्हणाला, "बा, तुला काय कळणार! आपल्या घरातल्या कुणाचं नाव ही वाडी सोडून पलीकडे कुणी ऐकलंय का? एक मी निघालोय, तर मलाही राहाटाला जुंपून ठेव."

इनासने ताट सारलं. उठून हात धुतले आणि बाहेर जाऊन बसला. कोंतान पुढे सांगायची म्हणे, की त्या माणसाला पोराला नाही म्हणताच यायचं नाही, ते त्याच्या जिभेला कुणी शिकवलंच नव्हतं. सकाळी इनास फावडं घेऊन बावखलाच्या काठावर उभा होता. रिवाज असा, की राहाटवाल्याने पहिली पाटी टाकल्याशिवाय दुसऱ्या कुणी मातीला हात लावायचा नाही. त्याने पाटी भरली आणि पाण्यात ओतली. वालेरियन फादरांनी बावखलातूनच तांब्याभर पाणी घेतलं, त्यावर प्रार्थना म्हटली आणि ते त्या मातीवर शिंपडलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, बावतीसने सगळ्यांत जोरात. बापाच्या तोंडाकडे बघायचं त्याला सुचलंही नाही.

पुढे गाड्यागाड्यांनी मुरूम पडला, रोलर फिरला, पट्टी सरळ झाली. बावतीस तिच्यावर धावला, विद्यापीठाने वेळ धरली, वर्तमानपत्रात नाव आलं. मुंबईच्या शिबिरात निवड झाली आणि तो गेला. जाताना बापाला म्हणाला, बघ, झालं की नाही? इनास म्हणाला, झालं, बाबा, सुखाने जा.

पहिला उन्हाळा निभला. दुसऱ्या उन्हाळ्यात इनासच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. आधी वाटलं भांड्याला काही लागलं असेल. मग डाळ शिजेना. मग पानवेलीची पानं कडेने करपायला लागली आणि बघता बघता मांडव उघडे पडले. गोड्या पाण्याचा तो साठा इतकी वर्षं समुद्राला जमिनीखाली थोपवून उभा होता, तो आपण होऊन काढून टाकल्यावर समुद्र आत येणारच की! विहीर खोल केली तसं पाणी आणखी खारट झालं. बाकी तिघांच्या विहिरी एकेक करून गेल्या. मग लोक इनासच्या दारात येऊन बोलायला लागले. तुझ्या पोराच्या हौसेपायी आमच्या बागा गेल्या, तू पाटी टाकलीस म्हणून आम्ही टाकली. इनास ऐकून घ्यायचा. बाग गेल्यावर पोटासाठी काही करणं भाग होतं. जन्मभर गोड्या पाण्यात पाय भिजवलेला तो माणूस खाडीकडच्या मिठागरावर मजुरीला जायला लागला.

आणि यातलं एक अक्षर बावतीसला कळू दिलं नाही. नाताळाला तो घरी यायचा, तेव्हा कोंतान माहेरच्या गावाहून डोक्यावर गोड्या पाण्याचा हंडा आणून ठेवायची. त्याच्यापुरता. वेल कुठे गेली विचारलं, तर कीड लागली म्हणाली. बा घरी का नाही विचारलं, तर खाडीपलीकडे कामाला गेलाय म्हणाली. बावतीसला कसल्यातरी पदकाच्या गोष्टी सांगायच्या होत्या, त्याने पुढे विचारलं नाही. आईबापांनी लपवलं हे खरं, पण त्यालाही बघायचं नव्हतं, हे आपण का सोडून द्यावं?

मग करंजभाटला मोठा मान मिळाला. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आमच्या सरळ पट्टीवर भरायच्या ठरल्या. मैलात जो पहिला येईल तो राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. बावतीस पहिला येणार याबद्दल शेंबड्या पोरालाही शंका नव्हती. शर्यतीच्या आदल्या दिवशी तो घरी आला. दुसऱ्या दिवशी पहाटे लवकर उठला, आईला उठवायला नको म्हणून स्वतःच विहिरीवर गेला, पोहरा ओढला आणि तोंडाला लावला.

थुंकला. पुन्हा घेतलं, पुन्हा थुंकला. बोटं चाटून बघितली. मीठ.

घरात आला तर इनास ओट्यावर बसून पायाला खोबरेल चोळत होता. त्या दिवशी कामाला गेला नव्हता, पोराची शर्यत बघायची होती. बावतीसने पहिल्यांदा बापाचे पाय बघितले. टाचा फाटून लाल झालेल्या, बोटांच्या बेचक्यांतून मिठाने खाल्लेलं मांस दिसत होतं. बावतीस तिथेच खाली बसला. त्याच्या स्वतःच्या पायांना रोज तेल लागायचं, शिबिरात मालिश करायला माणूस होता.

"बा, मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय करायचं होतं?" इनास म्हणाला. "तू धावायचा थांबला असतास. मग माझं बावखल फुकटच गेलं असतं ना, रे!"

एवढं बोलून त्याने पोराला हाताला धरून उठवलं. म्हणाला, जा, उशीर होतोय. आज मी पुढे उभा राहणार आहे.

बावतीस गेला. चॅपलमध्ये वेदीच्या पायरीवर त्याने बूट ठेवले, पाणी शिंपडून झालं, सगळ्यांनी बूट उचलले. तो अनवाणीच मैदानावर आला असं सांगतात. शर्यत सुटली. पहिली फेरी, दुसरी, तिसरी, तो पुढेच. पण दर फेरीला पूर्वेच्या अंगाला त्या बुजवलेल्या मातीवर पाय पडायचा. आपण बापाच्या छातीवरून पळतोय असं त्याला वाटायचं. समोर दोरीपाशी इनास उभा होता, फाटक्या टाचांवर, आणि टाळ्या वाजवत होता.

शेवटच्या फेरीत दुसरा धावपटू बराच मागे राहिला होता. वालेरियन फादर घड्याळ घेऊन नाचत होते. बावतीस पूर्वेच्या अंगाला आला आणि थांबला. पडला नाही, लचकला नाही. थांबला. गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी माती उकरायला लागला.

मागचा आला, गेला. त्याच्या मागचे गेले. आधी लोकांना वाटलं काही दुखलं असेल, मग हुर्यो उडाली, मग हुर्योही थांबली. रोलर फिरवून दगड केलेली ती माती, हिवाळ्याचे कोरडे दिवस. पण म्हणे, वीतभर खोल गेल्यावर ओल लागली. कुणी म्हणतं संत रोकची कृपा. कुणी म्हणतं कसली कृपा, त्याची नखं उचकटली होती, त्या रक्ताची ओल. मला विचाराल तर दोन्ही धरा, आपलं काय जातं?

फादर धावत आले, त्याचा खांदा धरला. "वेड लागलं का तुला? सगळं घालवलंस!"

"फादर," बावतीस म्हणाला, "आमच्या विहिरीचं पाणी एकदा पिऊन या. मग मला काय बोलायचं ते बोला."

फादर खरंच गेले. भर स्पर्धा सोडून रुमावांच्या दारात गेले आणि पाणी मागितलं. कोंतान हंड्यातलं गोडं पाणी द्यायला निघाली, तर म्हणाले, ते नको, विहिरीचं दे. त्या माउलीला लाज वाटली, पण तिने दिलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला नाही, सगळा प्यायले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. ते झगा वर खोचून बावतीसच्या शेजारी बसले आणि उकरायला लागले. कॉलेजचे मुख्य, म्हणजे रेक्टर, व्यासपीठावरून ओरडत होते, त्यांच्याकडे त्यांनी मान वर करून बघितलं नाही.

म्हणाल, मग सगळं गोड झालं. कसलं गोड! स्पर्धा मोडली म्हणून विद्यापीठाने कॉलेजचा मान काढून घेतला. बावतीसचं नाव शिबिरातून गेलं. त्याच्याच वर्गातली पोरं त्याच्याशी बोलेनाशी झाली, कारण त्याच्याबरोबर त्यांचंही नाव गेलं होतं. वालेरियन फादरांची दूर कुठेतरी बदली झाली. जाण्याच्या आधीच्या रविवारी ते मिस्सेत उभे राहून म्हणाले, पाण्याला मारायला निघालो होतो, आणि त्या मातीला आशीर्वाद दिला तोही त्याच पाण्याने. नवीन फादरांनी बावखल उकरायला मनाई केली नाही, मदतही केली नाही.

तेव्हा उकरत राहिले दोघेच. बावतीस आणि इनास. मिठागरावरून आल्यावर इनास पाटी उचलायचा. बावतीस म्हणायचा, बा, तू बस. तो बसायचा नाही. सगळ्यांत आधी मदतीला कोण आलं सांगू? शर्यतीत जो पहिला आला होता तो परगावचा मुलगा. म्हणाला, पदक घरी ठेवलंय, पण जिंकल्यासारखं वाटत नाही, घमेलं द्या इकडे. मग हळूहळू कॉलेजची पोरं आली, मग ती तीन घरं, तोंडं वाकडी करत का होईना, पण आली. मुरूम निघाला, पाऊस पडला, बावखल भरलं. पट्टीला पुन्हा बाक आला. पण पाणी खारटच होतं. एकदा आत शिरलेला समुद्र बोलावल्यासारखा परत जात नाही.

पुढल्या उन्हाळ्यात इनास अंथरुणाला खिळला. त्याच्या पायांच्या जखमा चिघळल्या होत्या, अंगात ताप होता. नव्या फादरांनी मरणाआधीचं पवित्र तेल लावलं. कोंतान चमच्याने माहेरचं गोडं पाणी पाजायला लागली, तर त्याने तोंड फिरवलं आणि बावतीसकडे बघितलं. बावतीस काय ते समजला. उठून धावला. त्या शर्यतीनंतर तो पहिल्यांदाच आणि शेवटचंच धावला. बावखलातून ओंजळ भरून आणली, वाटेत किती सांडली कोण जाणे, जी उरली ती बापाच्या ओठांना लावली.

इनासने जिभेवर घोळवली. पोराला बरं वाटेल तेच तो जन्मभर म्हणत आला होता, तसं आताही म्हणाला असता, झालं गोड, तर त्याला कुणी अडवलं असतं? पण त्या दिवशी तो पहिल्यांदा पोराला नाही म्हणाला.

"अजून नाही, रे," म्हणाला, आणि गेला.

बावतीस म्हातारा होईपर्यंत दर वर्षी गाळ काढत राहिला. त्याच्यासोबत कॉलेजच्या पोरांना लावायची रीत पडली, आणि पुढे त्याचीच ती शर्यत झाली. काही वर्षांनी पाणी निवळलं, विहिरीचं निवळलं, वेली परत चढल्या. लोक म्हणायचे, बावतीसदादा, आता तरी चाखून बघ. तो ओंजळभर घ्यायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, अजून नाही. सगळ्यांना कळायचं की तो खोटं बोलतोय. स्वतःला माफ करायचं त्याच्या जिवावर यायचं, दुसरं काही नाही. त्याला तसं तोंडावर कुणी म्हणालं नाही आणि त्याने कुणाला म्हणू दिलं नाही.

आजही आमच्या विहिरींचं पाणी गोड आहे. उद्या तुम्हाला प्यायला देतील, बघा पिऊन. पण त्या मैलाच्या शर्यतीत जो पोरगा पुढे असतो, तो बाकावर थांबतो, गाळ काढतो, आणि पट्टीवर परत येण्याआधी बावखलाची एक ओंजळ पितो. मागचे त्याला ओलांडून जात असतात, लोक ओरडत असतात. तो घोट गिळतो, रुमावांच्या घराकडे तोंड करतो आणि म्हणतो, "अजून नाही, बा."

मग उरलेलं अंतर पळतो.